प्रेमाक्काची कासवीण

प्रेमाक्का मूळची बेंगळुराजवळच्या आनेकलची. वडील रघुजी शिवणकाम करायचे. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि गल्लीत दोन्हींची खिचडी. शाळेत हिंदी होतं, त्यामुळे देवनागरी तिला वाचता यायची; पण 'ळ' हे अक्षर मात्र तिनं कागदावर कधी पाहिलंच नव्हतं. हा ळ तिला पहिल्यांदा भेटला छापखान्यात, शिशाचा, आणि तोही उलटा.

हे १९९१ सालचं. लग्न होऊन ती बसवनगुडीत आली आणि आमच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागली. मी तिथं बाइंडिंगला होते. मालक कृष्णमूर्तीअण्णा कन्नड, पण बेंगळुरातल्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच. म्हणून देवनागरी खिळ्यांची एक केस, म्हणजे खणाखणांची पेटी होती, ती हिच्या ताब्यात आली.

पहिल्याच दिवशी एक खिळा चिमटीत धरून तिनं मला विचारलं, "विद्या, हे काय गं? वेटोळं घातलेलं मांजर?"

"तो ळ, अक्का. बाळातला."

"अगंबाई! जन्मभर बोलत आले, आणि तोंड आज बघतेय याचं!" आणि ती इतकी हसली, की अण्णा चष्मा वर करून बघायला आले.

हात तिचा भारी चपळ. पत्रिका जुळवता जुळवता मात्र ती मध्येच थांबायची. एकदा मशीनवर वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवलं:

पत्रिकेत आजोबा, काका, मामा,
गाव छापलं, घराचा नंबरही.
आई कुठाय?
आई आत, अक्षता निवडतेय.

मी पुन्हा वाचलं. मग दोघी मिळून समोरची पत्रिका चाळली. खरंच, नवरीच्या आईचं नाव नव्हतं. त्या दिवसापासून पत्रिका छापायला कोणी आलं, की प्रेमाक्का अगदी साधेपणानं विचारायची, "आणि आईचं नाव काय लिहू?" बहुतेक बाप गोंधळायचे आणि सांगून टाकायचे. एक जण मात्र बराच वेळ आठवत उभे राहिले. बायकोला ते आयुष्यभर 'अगं' म्हणूनच हाक मारत आले होते.

कवितांपाठोपाठ गोष्टी आल्या, प्राण्यांच्या. कुणाला नावं न ठेवता सगळं बोलता येतं, असं तिचं म्हणणं. त्यातली कासविणीची गोष्ट तिनं मला दुपारच्या डब्याला ऐकवली. कासवाचं लग्न झालं. वरात संपली. नवरा म्हणाला, "चल आता माझ्या घरी." कासवीण म्हणाली, "तुझं घर तुझ्या पाठीवर, माझं माझ्या. त्यात दुसरं कोणी मावत नाही. तेव्हा घरी जाणं राहू दे. आपण तळ्यावर जाऊ." आणि दोघं तळ्यावर गेली. एवढीच गोष्ट. मला भाताचा ठसका लागला.

पण ती गोष्ट सासूच्या हाती पडली. कस्तुराबाई म्हणजे करारी बाई. त्यांना वाचता येत नव्हतं. मी काही कामानं घरी गेले होते, तर कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाच. ही लपवून काय लिहिते, कळू दे मला."

प्रेमाक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचा चेहरा उतरलेला. मी भीतभीत वाचलं. कस्तुराबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आणि सासू?"

"सासू नाहीये यात, आत्याबाई," प्रेमाक्का हळूच म्हणाली.

"का नाही? तिच्या पाठीवर कवच नाही का? तिनं बिचारीनं कधी मान बाहेर काढली, तेपण लिही की. अर्धीच गोष्ट सांगतेस."

प्रेमाक्का धावत येऊन त्यांच्या शेजारी बसली, आणि उरलेली अर्धी गोष्ट त्या दोघींनी मिळून रचली. म्हातारी कासवीण सुनेला तळ्याकडं जाताना बघते आणि म्हणते, "थांब गं, मी इतकी वर्षं हे छप्पर सासऱ्यांचं समजत होते!"

त्या संक्रांतीला बनशंकरी भागातल्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी समाजाचं हळदीकुंकू होतं. माइक समाजाचे सेक्रेटरी दामोदर यांच्याकडं. प्रेमाक्का गोष्ट वाचणार म्हटल्यावर ते कुरकुरले, "गोष्ट कशाला? एखादं गाणं म्हण स्वल्प." तरी तिनं वाचायला घेतलं. बायका आधी गालात, मग मोकळ्या हसायला लागल्या. दामोदर पुढं आले. "पुरे आता. पोरींना हे काय शिकवायचं?"

दुसऱ्या रांगेतून कस्तुराबाई उठल्या. "दामोदर, बस खाली. माझा भाग अजून यायचाय."

सगळा हॉल हसला. दामोदर बसले, आणि शेवट ऐकून त्यांनीसुद्धा टाळी वाजवली. निघताना चार-पाच जणींनी विचारलं, "पुस्तक आहे का?"

पुस्तक नव्हतं. त्यात १९९६ साली अण्णांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. खिळे वितळवायला जाणार होते. प्रेमाक्का त्यांच्या टेबलापुढं उभी राहिली. "अण्णा, जायच्या आधी या खिळ्यांनी एक पुस्तक छापू द्या. माझं."

अण्णांनी डोकं खाजवलं. "सरी, चालेल. पण रविवारीच हं."

मग सगळे रविवार आमचे झाले. पत्रिकेला पुरतील एवढेच खिळे केसमध्ये. पुस्तकाला कुठले पुरणार? सगळ्यात टंचाई 'ळ'ची, ते मोजून सव्वीस. अर्धं पान जुळवायचं, छापायचं, खिळे सोडून परत खणात टाकायचे, मग उरलेलं अर्धं. प्रेमाक्का जुळवता जुळवताच शब्द बदलायची. 'आभाळ' खोडून 'आकाश' झालं, 'सगळे'चे 'सर्व' झाले. पण 'डोळे' आले तेव्हा अडून बसली. "नेत्र बित्र मी लिहिणार नाही. आमच्या कासविणीला डोळेच आहेत!" तिचा नवरा नागनाथ कापडदुकानात नोकरीला होता. तो रविवारी येऊन पायानं ट्रेडल मशीन चालवायचा. चार आठवड्यांत पायाला गोळे आले, पण गडी खूश होता.

मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नुसतंच 'प्रेमा' छापलं. नागनाथनं बघून विचारलं, "आणि माझं नाव गं?"

"आहे की, आत," ती म्हणाली. पहिल्या पानावर तळाला होतं: मशीनचे पाय, नागनाथ. ते पान त्यानं दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं.

पुस्तक हातोहात गेलं. एक प्रत कुणीतरी धारवाडला नेली, आणि १९९८ मध्ये तिथल्या बायकांच्या एका मंडळाचं पत्र आलं: या, आणि मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, जमेल तसं सांगा. प्रेमाक्कानं एकटीनं एवढा प्रवास कधी केला नव्हता. कस्तुराबाईंनी तर मुळीच केला नव्हता, पण त्यांनी आधीच ट्रंक भरली होती.

स्टेशनवर मीही गेले होते. नागनाथनं पहाटे उठून स्वतः चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, केलं होतं, त्यात शेंगदाणे जरा करपले होते. त्यानं डबा खिडकीतून आत दिला आणि दहा सूचना केल्या. गाडी हलली तशा कस्तुराबाई सुनेला म्हणाल्या, "सरक गं, खिडकी माझी." आणि प्रेमाक्का हसत हसत सरकली.