काकडाशिवाय शेवळं आणि जव्हारची मुलाखत

नाशिकहून जव्हारला जायचं असेल तर त्र्यंबक-मोखाडा रस्ताच धरा. आता नातू गाडी चालवतो, माझी एक डुलकी होते आणि जव्हार येतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या प्रवासात डोक्यात जो गोंधळ शिरला तो अजून निघालेला नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.एस्सी. झालेला. जव्हारच्या शाळेत विज्ञान शिक्षक हवा होता. ती नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर मामांच्या किराणा दुकानात गल्ल्यामागे बसायचं, असं घरी ठरलेलं. मला दुकानाचा मनापासून तिटकारा होता.

मोटार सकाळी निघाली. घाटात दोनदा पाणी पिऊन, एकदा सगळ्यांना खाली उतरवून दुपार कलल्यावर मोखाड्याला टेकली. तिथे माझे चुलतकाका कचेरीत कारकून होते. मुक्काम त्यांच्याकडे, मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी.

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बाजारात शिरलो. पोशेऱ्याहून आलेली जानीबाई नावाची म्हातारी भाजी मांडून बसली होती. शेजारच्या पालेभाजीची अळ्यांनी पार चाळणी केलेली. पण तिच्याच जांभळट कोंबांच्या जुड्यांवर एक भोक नाही. ती शेवळं, हे मला तिनंच सांगितलं.

"यांना कीड कशी लागत नाही?" मी विचारलं. विज्ञानाचा पदवीधर ना मी!

"खाजतं ना. खाईल तं घसा धरंल तिचा."

"मग माणसाचा नाही धरत?"

"मानसाला काकड हाय," असं म्हणत तिनं आवळ्यापेक्षा लहान, हिरव्या आंबट फळांची मूठ पुढे केली. "किडीला कोन देल? घे, यांच्याबरुबर शिजव."

मला वाटलं, ही शिल्लक माल गळ्यात मारतेय. शेवळं घेतली आणि काकडं परत केली. तिनं ती पुन्हा टोपलीत टाकली.

काकू साताऱ्याकडच्या, लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. सकाळी शेवळं चिरताना म्हणाल्या, "यात आंबट काही घालतात म्हणे?"

"काही नको हो काकू. ती बाई उगाच खपवत होती."

काका पहाटेच फिरतीवर गेले होते, ते वाचले. काकूंनी चव बघण्यापुरतं खाल्लं. मी मात्र पाहुणेपणा म्हणून दोन भाकऱ्यांबरोबर ताटलीभर हाणलं. हात धुवायच्या आत घशात बारीक सुया टोचायला लागल्या. काकू ताकाचं भांडं घेऊन धावल्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच जव्हारला उतरलो. मुलाखत कुठे, ते कोणी धड सांगेना. एक म्हणे राजवाड्याकडे जा, दुसरा म्हणे आता सगळं कचेरीत. शाळेच्या पाटीवर जुनी अक्षरं खरवडलेली, नवी अजून लिहायची होती. शाळा नेमकी कोणाची हे शिपायालाही ठाऊक नव्हतं. घामाघूम होऊन आत शिरलो.

समोर तिघे. मधले म्हातारे हेडमास्तर जव्हारचेच. त्यांनी विचारलं, "झाडाला पळता येत नाही. मग ते किडीपासून स्वतःला कसं वाचवतं?"

पाठ होतं. फाटक्या आवाजात घडाघडा म्हणालो, "काटे, लव, जाड साल."

"आणि ज्याला काटे नाहीत, लव नाही, सालही कोवळी?"

मी खूप आठवलं. पुस्तकाची पानं डोळ्यांपुढे आणली. त्यांत नव्हतं. "माहीत नाही," म्हणालो आणि खोकल्याची उबळ आली.

हेडमास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "शेवळं खाल्लीत?"

मी होकाराची मान हलवली.

"काकड?"

"नाही घातलं."

"अहो, मग उत्तर घशातच होतं की तुमच्या."

बाकीचे दोघे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

मामांच्या दुकानात बसलो तो पन्नास वर्षं. मिरी, मोहरी, हिंग, लवंग तोलली, डाळीच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घातला. हळूहळू ध्यानात आलं की झाडं किडीला हाकलायला जे अंगात साठवतात, तेच आपण पुडीत बांधून विकतो. अळीला जे विष, त्याची आपल्याला फोडणी लागते. मग झाड आपल्याला हाकलतंय की बोलावतंय? मला अजून कळलेलं नाही. कोणाला कळलं असेल तर खाली लिहा.

गेल्या जूनमध्ये नातवाबरोबर पुन्हा गेलो. तुम्हीही जूनच्या सुरुवातीलाच जा, शेवळं नंतर दिसत नाहीत. मोखाड्याला रस्त्याकडेला एक बाई जुड्या घेऊन बसली होती. तिनं काही म्हणायच्या आत मी काकडाच्या दोन मुठी मागितल्या.

घरी सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढीशी भाजी, त्याला इतकी काकडं?"

म्हटलं, "एक मूठ भाजीत घाल. दुसरी मुलाखतीची आहे, ती राहू दे."