शोकेसमधला गुलाबी फिल्टर

गाडी बंद पडली की माणसं दोनच गोष्टी विचारतात, कधी सुरू होईल आणि किती पडतील. माझी आत्या यातलं काहीच विचारायची नाही. ती पदर खोचून बॉनेटपाशी उभी राहायची, आत वाकून बघायची आणि मिस्त्रीला एकच शब्द ऐकवायची, "कशानं?" उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलायची नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री तिची गाडी लांबून दिसली की चहा सांगायचे, कारण आता तास-दोन तास सुटका नाही हे त्यांना माहीत असायचं.

मी कॉलेजसाठी कोल्हापुरात आले आणि उचगावला तिच्याच घरी राहिले. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर त्यांचा गुळाचा व्यवहार तिनं अंगावर घेतला होता. मुरगूड, पेठ वडगाव, जिथं गुऱ्हाळ असेल तिथं जाऊन ती स्वतः गूळ बघायची, चाखायची आणि मग बोली करायची. उसाच्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या त्या रस्त्यांसाठी तिनं एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. आखूड बांधा, उंच चाकं, पाठीवर स्टेपनी. आता अशा गाडीला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. तेव्हा उचगावात तिला सगळे 'बुटकी' म्हणायचे.

बुटकी गुणी होती, पण तिला दुखणी फार. एकदा तिची क्लच प्लेट गेली. आत्यानं विचारलं, "कशानं?"

"जुनी झाली की ओ आत्या," मिस्त्री म्हणाले.

"जुनी झाली हे कारण न्हवं, मिस्त्री. ती नुसती तारीख झाली. कारण सांगा."

मिस्त्रींनी प्लेट हातात घेऊन उलटसुलट केली आणि जरा खालच्या आवाजात सांगितलं, की गाडी चालवणारं कुणीतरी क्लचवर पाय ठेवून बसतंय. आत्यानं वळून आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणजे तिचे धाकटे दीर, पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि सगळ्या गावाला सल्ला देणारा आवाज. ड्रायव्हर नसेल तेव्हा गाडी तेच चालवायचे. त्या दिवशी मात्र ते रस्त्यापलीकडचा एक बोर्ड फार मन लावून वाचत होते.

दुसऱ्या खेपेला दिवे गेले. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. उंदीर काय, सगळ्यांच्याच गाड्यांत शिरतात, असं म्हणून कुणीही वायर जोडून घेतली असती. आत्या मात्र, उंदीर आमच्याच गाडीत का आणि शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीत का नाहीत, यावर दोन दिवस विचार करत होती. शेवटी तिला डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला गुळाच्या चिकट बोटांचे ठसे सापडले. गूळ चाखून झाला की ती स्वतःच तिथं बोटं पुसायची! तिला इतका आनंद झाला, की आपली चूक निघाली याची लाज वाटायला तिला सवडच मिळाली नाही. "आगं, मीच की ती," असं ती घरभर सांगत हिंडली.

काढलेला पार्ट ती गॅरेजमध्ये कधी ठेवत नसे. घरी आणायचा, रॉकेलनं पुसायचा आणि हॉलच्या शोकेसमध्ये मांडायचा. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, ताजमहाल असतो. आमच्याकडे झिजलेली क्लच प्लेट होती, फाटलेले रबरी बुश होते, कागदासारखे पातळ झालेले ब्रेक पॅड होते. घरी आलेल्या पाहुण्यांना चहाबरोबर त्यांच्या हकिकती ऐकाव्या लागायच्या. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या मामांनी तर जाताना विचारलं, की मुलीच्या घरचे भंगारवाले आहेत का. त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. आत्यानं त्याचंही 'कशानं' मलाच विचारलं.

माणसांनाही ती असंच सोलून काढायची, आणि तेव्हा तिचा खरंच राग यायचा. मी एका विषयात नापास झाले तेव्हा "पेपर अवघड होता" हे उत्तर तिनं घेतलं नाही, "अभ्यास केला नाही" हेही घेतलं नाही. "का केला न्हाईस, ते सांग." मी रडले, दार आपटलं, आणि रात्रीच्या जेवणाला आपण होऊन सांगितलं की मला तो विषय पहिल्या धड्यापासूनच कळला नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती. आत्या म्हणाली, "आता कसं! आता दुरुस्त करता येतंय." आणि दुसऱ्या दिवशी शिकवणी लावून आली.

गाडीवर ड्रायव्हर होता मधू कांबळे. उचगावचाच, तिशीतला, अबोल. गाडीचा बारीक आवाजही तो आत्याला येऊन सांगायचा आणि मग दोघं खिडक्या उघड्या टाकून, कान बाहेर काढून गावातून चकरा मारायचे. लोक हसायचे. आत्याचं जितकं मधूशी जमायचं तितकं घरात कुणाशीच जमत नव्हतं, आणि आप्पांना ते बोचायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. (निघालेले खडे तिनं बाटलीत मागून घेतले. ते कुठं ठेवले हे सांगायला नकोच.) महिनाभर घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून गाडीचा कारभार आप्पांकडे आला. आणि थोड्याच दिवसांत आप्पा तिच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, मधूला काढा. डिझेल इकतोय."

"कशावरनं?"

"टाकी भरली की संपतीया. वडगावला जाऊन आलं की काटा खाली. पैलं असं हुतं का? असल्यांवर इस्वास ठेवलासा, आता भोगा."

"असल्यांवर म्हंजे कसल्यांवर, भावजी?"

आप्पा चपला घालून बाहेर पडले. त्यांनी आधीच चहाच्या टपरीवर, दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. डिझेलचोर हे नाव एकदा ड्रायव्हरला चिकटलं की पंचक्रोशीत कुणी त्याच्या हातात किल्ली देत नाही. मधूच्या घरात कमावणारा तो एकटाच होता. आत्यानं त्याला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याशी उभा राहिला, आत येईना.

"मधू, डिझेल कुठं जातंय?"

"मला ठावं न्हाय, आत्या. गाडी ओढत न्हाय म्हणून मी आप्पास्नी दोनदा सांगितलं. ते म्हणले, निमित्तं सांगू नगंस." आणि मग मान खाली घालून म्हणाला, "माझं कोण ऐकतंय? तुमीच काम न्हाय म्हणून काढा, म्हंजे निदान चोर म्हणून काढलं असं तरी हुणार न्हाय."

मला वाटलं आत्या त्याची समजूत काढेल. ती चपला शोधायला लागली. मी आडवी गेले, डॉक्टरांचं नाव घेतलं. "काढायचं तर काढू की," ती म्हणाली, "पर आदी कशानं ते कळू दे. मी मागं बसतो. मधू, चल." मग पोटावर उशी धरून ती मागच्या सीटवर बसली, शेजारी मी, पुढे मधू आणि त्याच्यावर नजर ठेवायला आप्पा. उड्डाणपुलाच्या चढावर बुटकी धापा टाकायला लागली. आत्या मागच्या काचेला नाक लावून बसली होती.

"मधू, धूर काळा कवापासनं?"

"सुट्टीवरनं आलोय तवापासनं, आत्या."

"कसली सुट्टी?"

"जयंतीची की. मिरवणुकीची तयारी हुती, चार दिवस न्हवतो."

"मग त्या चार दिवसांत गाडी कुणाकडं?"

मधूनं आरशातून आप्पांकडे बघितलं. मग आप्पा समोरच्या काचेतून पुढे बघत म्हणाले, "जोतिबाच्या जत्रंला गेलतो."

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आधी टाकी बघितली, नळ्या बघितल्या, कुठं गळती नव्हती. मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला आणि ते हसायलाच लागले. फिल्टर गुलाबी होता. पांढऱ्या कागदाची एक घडी दिसत नव्हती, सगळ्या घड्यांत गच्च गुलाल बसला होता. इंजिनाला हवाच मिळत नव्हती, म्हणून डिझेल धड जळत नव्हतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडत होतं. मिस्त्रींनी फिल्टर फरशीवर आपटला. गुलालाचा लोट उठला आणि बरोबर आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर बसला.

"आता हे कशानं?" आत्यानं आप्पांना विचारलं.

आप्पांनी सांगितलं ते असं. डोंगर चढताना गर्दीत गाडी तापली, म्हणून त्यांनी इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडून ठेवलं. तेवढ्यात देवापुढं नाचवायच्या उंच सासनकाठ्या आल्या, गुलाल उधळायला सुरुवात झाली. बरोबरच्यांनी दोन-चार मुठी गाडीवर टाकल्या, आप्पांनी स्वतः ओंजळ भरून इंजिनावर टाकला.

"देवाचा गुलाल, वहिनी. नगं कसं म्हणायचं?"

"पर चैत्रात, एवढ्या गर्दीत, गाडी घिऊन गेलासाच कशाला?"

आप्पा पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा गुलाल उकरत राहिले. मग पुटपुटले, "तुमचं ऑपरेशन नीट हुऊ दे म्हणून नवस बोललोतो."

प्रश्न संपलेली आत्या मी पहिल्यांदाच बघत होते. तिचे डोळे भरून आले होते, आणि गुलालामुळे असेल असं दाखवत तिनं ते पदरानं टिपले. मला वाटलं, झालं, आता आप्पांना माफी. पण आत्या ती आत्याच. तिनं फिल्टर उचलला आणि आप्पांच्या हातात ठेवला. "नवस फेडलासा, माझ्यावर उपकार झाले. आता मधूचं फेडा. जिथं जिथं चोर म्हणून सांगितलासा, तिथं तिथं जाऊन गुलाल म्हणून सांगा."

त्या संध्याकाळी उचगावनं एक अजब मिरवणूक बघितली. मधू गाडी चालवतोय, शेजारी गुलालानं माखलेले आप्पा, मांडीवर गुलाबी फिल्टर. टपरी, डेअरी, गिरणी, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबायची, आप्पा खाली उतरून फिल्टर दाखवायचे आणि घसा खाकरून सांगायचे, "मधूचा काय दोष न्हाय. गुलाल माझा." गिरणीवाल्यानं विचारलं, "मग तवा चोर का म्हटलासा?" आप्पांनी फिल्टरच पुन्हा पुढं केला. मधू गाडीतूनच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ओ, दमलेत ते." घरी आल्यावर आप्पांनी फिल्टर स्वतःच्या हातानं शोकेसमध्ये ठेवला, मधोमध.

पुढं माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. बुटकी विकली, मधूनं स्वतःची गाडी घेतली आणि पहिली भाड्याची खेप आत्याची केली, तिला मुरगूडला नेऊन आणलं. आत्या थकत गेली. फोनवर मी म्हणायचे, जप गं, वय झालं. पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "ती नुसती तारीख झाली."

ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पा आणि मधू एका बाकावर बसले होते. तरुण डॉक्टर बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आप्पा मधूच्या खांद्याला धरून उठले. आता त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. "वय झालं हे कारण न्हवं, डॉक्टर," ते म्हणाले. "वहिनी कशानं गेल्या?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग आप्पांना पुन्हा बाकावर बसवून त्यांच्या शेजारी बसले आणि हृदयाची झडप कशी असते, ती कशी कडक होते, रक्त कुठं अडतं, हे तळहातावर बोट फिरवून सगळं सांगितलं. आप्पा एकेक शब्द ऐकत होते, मधू मान हलवत होता. सांगून झाल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कळलं का आजोबा?"

"न्हाय ओ," आप्पा म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "पर इचारल्याबिगार घरी गेलो असतो, तर वहिनीनं आत घेतलं नसतं."