दुपट्टा बांधून पळणारा

पौषातल्या गारठ्यात मी तोंड उघडं टाकून पळत सुटलो, तेही फक्त एका माणसाला मागे टाकायला. राजुऱ्याच्या रस्त्यावर माझ्याच वयाचा हा गडी नाकातोंडाला दुपट्टा बांधून रोज सकाळी पळताना माझ्या पुढे जायचा. माझा जळफळाट व्हायचा.

त्याला गाठलं खरं, पण कोरड्या थंड हवेनं श्वासनळ्या आवळल्या आणि छाती शिट्टी वाजवू लागली. मी रस्त्याकडेला बसलो. त्यानं आपला दुपट्टा सोडून माझ्या तोंडाला गुंडाळला.

"नाकानं घ्या भाऊ, हळूहळू. माही छाती बी अशीच वाजते, म्हनून तर बांधतो."

श्वास परतला. तो दुपट्ट्याविनाच घरी वळला. आता मला त्याच्या चांगुलपणाचाही हेवा वाटू लागला.

घरी सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "मंग ते भाऊ तसेच गेले का जी? थंडी लागन ना त्याइले."