तळवडेकर सर आणि भिंतीवरचा कोच

तळवडेकर सर मॅच चालू असताना बॉलकडे बघत नसत. टीमचे कोच असून मैदान आखायच्या फक्कीच्या उलट्या डब्यावर बसायचे, खिशातून एकेक शेंग काढून सोलायचे आणि बघायचे ते समोरच्या टीममधल्या पोरांच्या तोंडाकडे. आमची पोरं गोल खात असली तरी तसंच.

एकदा मी चिडून विचारलं, "सर, मॅच चाललीय कुठे आणि तुम्ही बघताय कुठे?"

"बॉल सगळेच बघतत, शेठ. माणसा कोण बघतलो?" सर वेंगुर्ल्याकडचे. खुशीत असले की मालवणीवर यायचे, आणि हरतानाही ते खुशीत असायचे, याचाच मला जास्त संताप यायचा.

अशी माणसं बघून बघून मुलुंडच्या आमच्या कॉलेजची हॉकी टीम त्या मोसमात ओळीने सहा मॅच हरली होती.

'आमचं कॉलेज' म्हणतो, पण माझी शाळा चौथीत सुटली. हमाली करून दुकान उभं केलं, पाडलेल्या बंगल्यांच्या जुन्या दारा-खिडक्यांचं. ते ग्राउंडच्या भिंतीला लागून. मॅच असली की मी दुकान सोडून भिंतीवर चढून बसायचो. माझा आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाशी बसल्या जागेवरून घासाघीस करावी.

"अरे ए साळवी, उजवीकडे दे! उजवीकडे मोकळं आहे, आंधळा झालास काय?"

पोरं ऐकायची. कॅप्टन साळवी तर बॉल मिळाला की आधी भिंतीकडे बघायचा. दुसऱ्या कॉलेजांची पोरं म्हणायची, "ह्यांचा खरा कोच भिंतीवर बसतो." मला ते कौतुक वाटायचं.

सहावी मॅच हरल्यावर मी सरळ प्रिन्सिपॉलांकडे गेलो. म्हटलं, "कोच बदला. तो माणूस मॅचला शेंगा खायला येतो." मला वाटलं, दोन-चार नावं निघतील, मग आपण ठरवू.

प्रिन्सिपॉल शांतपणे म्हणाले, "तुमचं पटतंय मला. पण कोच कशाला बदलायचा? शनिवारची शेवटची मॅच हरले तर हॉकीच बंद करू. तिथे क्रिकेटची नेट लावू."

मागायला गेलो एक आणि होतं तेही धोक्यात घालून आलो. इतका वाईट सौदा मी आयुष्यात केला नव्हता. तसाच सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. "सर, माझ्या तोंडामुळे वाट लागली."

सरांनी माझ्या तळहातावर दोन शेंगा ठेवल्या. "शनिवारी येतलात मां?"

"येणार म्हणजे काय! पण ह्या वेळी तुम्ही काहीतरी करा, नुसते बसू नका."

"करतंय. तुमी फक्त वरडा. रोजच्यापेक्षा जोरात."

शनिवारी मी शिरा फुटेस्तोवर ओरडलो. हॉकी बंद झाली तर ते पाप माझं होतं. "उजवीकडे, साळवी, उजवीकडे!" साळवीने भिंतीकडे बघितलं आणि त्या गाढवाने बॉल डावीकडे मारला. तिथे आमचा पोरगा एकटाच होता, कारण समोरचे तिघे धावत उजवीकडे गेले होते. गोल! मला आनंदसुद्धा झाला नाही, ऐकलं नाही म्हणून राग आला. मग त्यांनी एक गोल फेडला. शेवटची पाच मिनिटं. "थांब, पास देऊ नको!" मी किंचाळलो. साळवीने लगेच पास दिला. गोल! दोन-एक. प्रिन्सिपॉल खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. हॉकी वाचली होती.

मी भिंतीवरून उडी मारली, एक चप्पल पलीकडेच राहिली. साळवीची कॉलर धरली. "माझं एक तरी ऐकलंस काय रे?"

"शेठ, सरांनीच सांगितलेलं, तुम्ही बोलाल त्याच्या उलटं करायचं. समोरची टीम तुमचंच ऐकून पळत होती ना!"

मी सरांसमोर जाऊन उभा राहिलो. "ही युक्ती होती तर पहिल्या मॅचपासून का नाही केलीत?"

"पहिल्या सहा मॅच आमची पोरा तुमचाच ऐकत होती," सर म्हणाले.

अख्खं ग्राउंड हसलं. प्रिन्सिपॉलही.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितला असता, तर इतक्या मनापासून वरडला असतात?"

मीही हसलो, पण तो राग आजही गेलेला नाही. माझ्या आवाजावर मॅच जिंकली आणि मला भाव विचारला नाही. धंद्यात मला असं कुणी गुंडाळलं नव्हतं.

सर पुढे तीन वर्षं होते, मग कायमचे गावी गेले. पण मला आठवते ती पुढच्या मोसमातली सकाळ. सर हातात स्टिक घेऊन दुकानात आले. "शेठ, आपली युक्ती सगळ्यांका कळली. औंदा तुमका बरोबर वरडूक व्हया. चला ग्राउंडवर, शिकवतंय."

"मला काय शिकवता? इतकी वर्षं बघतोय," मी गुरगुरलो आणि मागोमाग गेलो.

मी स्टिक धरली. सरांनी, जराही न हसता, माझा डावा हात उचलून वर ठेवला आणि उजवा खाली घेतला. एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच हॉकी स्टिक हातात घेत होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सरांनीही कुणाला सांगितलं नाही.