मृदंगाची कणीक

आमच्या मामाने जन्मात एकदाच स्वयंपाक केला आणि माझं वाटोळं केलं. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वैशाखात मालवणजवळच्या एका गावी देवळात शनिवार-रविवार भजनांचा मोठा मेळा भरला. आजूबाजूच्या गावांची भजनी मंडळं बैलगाड्या जोडून आली आणि देवळामागच्या आंब्यांखाली माडाच्या झापांच्या खोपी घालून राहिली. चुलीला तीन दगड, अंथरायला गोणपाट. देवळाचं आवार म्हणून मासळी बंद, त्यामुळे पहिल्याच जेवणाला अर्ध्या मंडळींची तोंडं उतरलेली. माझं त्याकडे लक्षच नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा, मंडळाचा मृदंगवाला, बघून बघून शिकलेला. गोव्याचे एक नावाजलेले मृदंगिये रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना ऐकणार होते आणि एकाला शिष्य म्हणून बरोबर नेणार होते. एकालाच. मला तो एक व्हायचं होतं.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला, वाजवायच्या आधी, गव्हाची ओली कणीक थापतात. ती नसेल तर डावा हात घुमत नाही, फळीवर मारल्यासारखा वाजतो. आणि आमच्याकडे गहू कुठला? आम्ही भातखाऊ माणसं, त्यात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी. आईने कुठून तरी ओंजळभर गहू मिळवून जात्यावर दळून दिले होते. ते पीठ मी डब्यात घालून खोपीत टांगलं होतं.

मामा मुंबईला गिरणीत. मे महिन्याच्या रजेवर आलेला, हौसेने आमच्याबरोबर निघालेला. रविवारी सकाळी मी नदीवर आंघोळीला गेलो होतो. परत येतो तर मामा चुलीपुढे, तव्यावर चपात्या. "बसा रे, मुंबयची चपाती खावा," म्हणाला. ओंजळभर पिठाच्या त्या चपात्या, प्रत्येकाला अर्धी-अर्धी आली. मी माझी गुळाबरोबर खाल्ली. वर बरी झाली म्हणून मान डोलावली. पीठ कुठलं हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

दुपारी डबा काढला, तर रिकामा.

"मामा, ह्यातला पीठ खंय?"

"ता? त्याच्योच तर चपात्यो केलंय."

"ता मृदंगाचा पीठ होता."

"मृदंगाक गहू आणि माणसांक मिलो? बरो न्याय आसा तुमचो," म्हणून मामा हसला. सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मामाच धावपळ करायला लागला. तांदळाच्या पिठाची उकड काढून दिली. ती लावली, चार थापा मारल्या, भेगा पडून खाली आली.

शेजारच्या खोपीत खाडीपलीकडचं मंडळ होतं. त्यांचा मृदंगवाला माझ्याच वयाचा, आणि माझ्यानंतर त्याचीच बारी. आमची आरडाओरड त्याने ऐकली असणार. तो केळीच्या पानावर कणकेचा गोळा घेऊन आला. "घे रे, आमच्याकडे जास्ती आसा."

"तुझी भीक नको माका."

"भीक नाय रे, पीठ आसा," तो म्हणाला आणि पान दगडावर ठेवून गेला.

"घे मरे, हट्ट करू नको," मामा अक्षरशः हात जोडत होता. मी तो गोळा उचलला आणि आमच्या गाडीच्या बैलापुढे टाकला. बैलाने एका घासात गिळला. तेव्हा मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

माझी बारी झाली. उजवा हात पळत होता आणि डावा नुसता टकटक करत होता. मागोमाग त्याची झाली आणि मंडप घुमला. माझ्याइतका तयार नव्हता तो. हे मी आजही म्हणतो.

मग मृदंगियांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. माझा उजवा हात धरून बोटं बघितली. "हात चांगला आहे. पण डावी बाजू मुकी. एवढी मंडळं उतरलीत, कोणी मूठभर कणीक दिली नाही?"

"नाय," मी म्हटलं. "कोणी दिली नाय."

तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. चकार शब्द बोलला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मृदंगियांनी माझा हात सोडला आणि आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

त्याने तिथल्या तिथे मला खोटं पाडायला हवं होतं. मग मी त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि कधीच मोकळा झालो असतो.