बर्फाखालची मुळी

भाऊ लष्करात होता, हिमालयात फार उंचावर. आम्ही बाकीचे खाली कापडाच्या शहरात, डिंडोलीत; वडील कारखान्यात यंत्रमागावर. दिवाळीच्या सुट्टीत भावानं तिकडच्या एका झाडाची मुळी ओल्या फडक्यात बांधून आणली आणि वहिनीच्या हाती दिली. म्हणाला, "सहा-सहा महिने बर्फाखाली झोपते ही. बर्फ वितळला की उठते."

तो गेल्यावर वहिनी आणि मी दोघी दुपारी साड्यांचे धागे कापत बसायचो आणि बर्फ डोळ्यांपुढे आणायचो. पांढरंशुभ्र, गप्प पडलेलं शेत. त्याच्याखाली शेजारच्या मागांचा खडखडाटही बुडून जायचा. मला तर बसल्या बसल्या गुंगी यायची.

वहिनीच्या मनात मात्र एकच घोर. वर्षभरात भावाची नोकरी पुरी होणार होती. घरी यायचं की मुदत वाढवून घ्यायची, त्याचं ठरत नव्हतं. तिला तो घरी हवा होता. मुळी तिनं कुंडीत लावली होती; ती फुटली तर ते घरी येतील, असं तिनं धरूनच ठेवलं.

उन्हाळा लागला तशी ती पर्वत पाटियाच्या बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा आणायला लागली. भुसा झटकायचा, फोडायचा, कुंडीत रचायचा. रोज! मी म्हटलं, "वहिनी, झाडाला सरबत पाजतेस का गं?"

"गप बस, शहाणे."

एक दिवस बोट घालून बघितलं, तर मुळी सडून चिखल झालेली. ती रडली. मलाही रडू आलं, आणि भावाचा रागही.

पुढच्या सुट्टीत तो आला आणि कुंडीची कथा ऐकून हसतच सुटला. "अगं वेडे, तिकडचा बर्फ लादीसारखा नसतो! पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत, आत हवा धरलेला. वर हाडं फोडणारी थंडी, पण खाली माती फारशी गोठत नाही. गोधडीच ती. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी उघडी झाडं गारठून मरतात. जिथं उशिरा वितळतो, तिथलं गवत उशिरा उगवतं, पण थोड्याच दिवसांत घाईघाईनं फुलून घेतं." मी आ वासून ऐकत होते. मग तो हळूच म्हणाला, "मीपण अजून दोन-तीन वर्षं थांबावं म्हणतो."

वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"थांबा की," ती म्हणाली, आणि एकदम माहेरच्या बोलीवर आली. "पन मी काय गवत शे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ वडिलांबरोबर कारखान्यात गेला, मागावर जागा आहे का विचारायला.