पेरूखालचं मडकं

पगारेनाना रोज सकाळी जमिनीचं दार वाजवायचे. मी उगाच सजवून सांगत नाही. चहाच्याही आधी ते अंगणात उकिडवे बसायचे, मधलं बोट वाकवून जमिनीवर टकटक करायचे आणि मान कलती करून थांबायचे. आतून आता कुणीतरी 'कोण आहे' म्हणेल, अशा बेतानं. नाशिकला पाथर्डी फाट्याकडच्या त्या कॉलनीत आम्ही राहायला आलो आणि दुसऱ्याच सकाळी मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आमच्या ह्यांना हलवून उठवलं आणि म्हटलं, घर स्वस्तात का मिळालं ते कळलं, शेजारी येडा आहे.

येडे नव्हते. ते जमीन वाजवत नव्हते, मडकी वाजवत होते. बिनरंगाची साधी मडकी गळ्यापर्यंत मातीत पुरलेली, तोंडावर मातीचीच झाकणी. मडक्यात पाणी भरून ठेवायचं. ते अंगातून झिरपत राहतं आणि शेजारच्या रोपाची मुळं लागेल तेवढं ओढून घेतात. वरची माती कोरडी ठणठणीत, ओल सगळी खाली. काठावर टकटक केली की आत पाणी किती उरलंय ते नानांना आवाजावरून कळायचं. सातपूरच्या एका कारखान्यात ते जन्मभर लेथच्या यंत्रावर टर्नर होते, त्यामुळे हातापेक्षा त्यांचा कानावर जास्त भरवसा होता.

मी घोटीकडची. आमच्याकडे बायका भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या राहून पावसाला शिव्या घालतात. पाणी असं वाटीनं भरवायचं म्हणजे मला निव्वळ चिकटपणा वाटायचा. पण नाशिकला गंगा आहे, म्हणजे आपली गोदावरी, धरण आहे, हे जे सगळे अभिमानानं सांगतात ते आमच्या कॉलनीच्या नळाला कुणी कळवलेलं नाही. मार्च लागला की टँकरच्या मागे बादल्या घेऊन पळायचं. आणि त्या दिवसांतही नानांच्या मुरमाड अंगणात वांगी लोंबायची, गवार यायची, दोडक्याचा वेल जिन्यावर चढायचा, पपई पिकायची. निफाडकडून कुणीतरी उसाचं पाचट आणून द्यायचं, ते वाफ्यांवर जाड अंथरलेलं असायचं. माझ्या कुंड्या मात्र रोज पाणी पिऊन रोज मरायच्या. मी भिंतीवरून तोंड वाकडं करून बघत राहायचे.

एकदा न राहवून विचारलंच, की नाना, हे सगळं कुठं शिकलात?

"मी कुठला शिकतोय," ते म्हणाले. "कुसुमचं आहे सगळं. ती नांदगावकडची ना, दुष्काळातली. ती म्हणते, वरून घातलेलं पाणी म्हणजे उन्हाला पाजलेलं पाणी."

म्हणते. मी घरात डोकावले. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याखाली एका ठसठशीत बाईचा फोटो, हार घातलेला. आम्ही यायच्या बऱ्याच आधी कुसुमबाई गेल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण नानांच्या बोलण्यात त्यांना भूतकाळच नव्हता. ती म्हणते, मिरचीला फार लाड चालत नाही. ती म्हणते, भाजी तोडताना झाडाशी बोलू नये, त्याला कळतं. मी काही विचारलं की म्हणायचे, थांबा ताई, तिला विचारून सांगतो, आणि खरंच दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे.

उन्हाळ्यात टोमॅटोच्या वाफ्यावर सावलीसाठी ते तिच्या जुन्या सुती साड्या बांधायचे. ती असताना स्वतःच तसं करायची म्हणे. एकदा भर दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले. वाऱ्यानं पदर असा उचलला गेला की खाली कुणी बाई पाठमोरी वाकून निंदणी करतेय असंच वाटलं. मी कपडे तिथंच टाकून खाली आले. भूतबित मी मानत नाही, पण त्या दिवसापासून दुपारी ती खिडकी लावूनच घ्यायला लागले.

भिंतीला लागून एक पेरूचं झाड होतं. कुसुमबाईंनी माहेराहून आणून लावलेलं. त्याच्या पहिल्या बहराच्या वेळी त्या दवाखान्यात होत्या. नानांनी एक पेरू कापून नेला, तो त्यांना गिळता आला नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, याच्याकडं बघा. झाडाकडं बघा म्हणाल्या की मुलाकडं, कोण जाणे. नानांनी झाड धरलं. बाकी सगळ्या बागेचं एक आणि त्या पेरूचं एक. त्याच्या बुडाशी सगळ्यात मोठं मडकं होतं, ते ते सगळ्यात आधी वाजवायचे.

त्या पेरूला मर लागली. एका पावसाळ्याच्या शेवटी शेंड्याची पानं पिवळी पडली, मग फांद्याच्या फांद्या वाळत खाली आल्या आणि दिवाळीपर्यंत झाडाचा खराटा झाला. नखानं साल खरवडली तर आत हिरवा टिपूस नाही. मी म्हटलं, काढून टाका, बाकीच्या झाडांना लागेल. दुसऱ्या सकाळी मी पाहिलं तर ते त्या वाळक्या खोडापाशी बसून मडकं वाजवत होते, आणि मग तांब्यानं पाणी भरत होते.

त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. माणूस चांगला, बापाच्या काळजीनं अर्धा झालेला. नानांनी पुण्याला चलावं, इथलं अंगण फरशी घालून मोकळं करावं आणि घर भाड्यानं द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. नाना दर वेळी एकच सांगायचे, तुझ्या आईचं झाड आहे तोवर मी हलत नाही. आता झाड वाळलं म्हटल्यावर मिलिंद रजा काढूनच आला. मी भिंतीच्या अलीकडे होते, आणि ऐकत नव्हते असं म्हणायला मी काही साधू नाही.

"नाना, झाड मेलंय," तो म्हणाला. अगदी हळू.

"पाणी उतरतंय," नाना म्हणाले.

"मडकं आहे, नाना. पाझरणारच."

तेव्हा नानांनी त्याला अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथं एक मडकं पुरलेलं होतं, भोवती काही लावलेलं नाही, नुसता मुरूम. नानांनी हे आणि पेरूखालचं, अशी दोन्ही मडकी त्याच्या हातानं काठोकाठ भरायला लावली, वर झाकण्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाही बोलावलं, साक्षीला. कोपऱ्यातलं मडकं जवळजवळ तसंच भरलेलं होतं. पेरूखालचं रिकामं. नानांनी काठावर टकटक केली आणि तो पोकळ आवाज आम्ही तिघांनी ऐकला. पेरूच्या आसपासही नानांनी काही लावलेलं नव्हतं. तिथं तिचंच राहू दे म्हणायचे.

नाना म्हणाले, "मेलेलं झाड पाणी पीत नाय, मिलिंद. कुणीतरी पितंय."

मिलिंदनं झाकणी परत मडक्यावर ठेवली, मग आत गेला आणि बॅग भरायला लागला. जाताना म्हणाला, ठीक आहे, पाणी उतरतंय तोवर मी विषय काढणार नाही. बापलेकात तसं ठरलं. पुढची दोन-तीन वर्षं नाना त्या एका मडक्याच्या जोरावर आपल्या घरात राहिले. रोज सकाळी टकटक व्हायची आणि आवाज पोकळ आला की त्यांचा चेहरा असा सुटायचा, की माझ्याही छातीवरचं ओझं उतरायचं. एखाद्या सकाळी मडकं भरलेलं निघालं तर काय, ही धास्ती त्यांच्याइतकीच मलाही लागली होती. पण मी त्या झाडाजवळ जायचं टाळायचे. ते काळं खोड, खाली ते मडकं, आणि रात्रभरात आटलेलं पाणी. मला ते बरं वाटायचं नाही.

आता माझंही एक कौतुक सांगते. एवढ्या सगळ्या मेलेल्या कुंड्यांत माझं एक झाड मात्र जगलं होतं, भिंतीच्या अलीकडे जमिनीत लावलेलं लिंबू. मी त्याला कधी ढुंकून पाहिलं नाही, तरी ते झपाट्यानं वाढलं आणि लिंबांनी लगडलं. बाजारात लिंबाला हात लावायची सोय नसायची त्या उन्हाळ्यातही माझ्याकडे लोणच्याच्या बरण्या भरायच्या. मी सगळ्या कॉलनीत सांगत सुटले की घोटीच्या हाताला गुण आहे. पहिली लिंबं नानांना नेऊन दिली, थोडा तोराही दाखवला. त्यांनी एक लिंबू हुंगलं, आत जाऊन कुसुमबाईंच्या फोटोपुढे ठेवलं आणि म्हणाले, तिचंच आहे.

मी म्हटलं, वा नाना, झाड माझं, काटे मला टोचतात, आणि लिंबू तिचं कसं? ते हसले.

"पाणी कोण घालतं त्याला?"

"कुणीच नाही. आपोआप येतं."

"असतं कुणीतरी," नाना म्हणाले आणि गवार निवडायला लागले. त्यानंतर दर वर्षी पहिलं लिंबू त्यांना द्यायचं आणि त्यांनी 'तिचंच आहे' म्हणायचं, असा आमचा रिवाजच पडला. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून मी ऐकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात नानांचं हृदय थकलं. जिना चढवेना, तांब्या उचलवेना. मिलिंद गाडी घेऊन आला तेव्हा ते भांडले नाहीत, आणि त्यातच मी काय ते समजले. गाडीत बसायच्या आधी भिंतीपाशी आले, माझा हात धरला आणि म्हणाले, बाकीची बाग जाऊ द्या ताई, ती जगली तर जगली, पण त्या एका मडक्याला तेवढं पाणी घाला. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार.

मग रोज सकाळी मी भिंतीवरून पाइप सोडून ते मडकं भरायचे. बंद घर, वाळत चाललेले वाफे, साडीची एक चिंधी तारेला अडकून फडफडतेय. काठीनं काठावर टकटक करायची, आणि रोज तो पोकळ आवाज. घरात माणूस नाही, झाडात जीव नाही आणि पाणी उतरतंय. मी पाइप बंद केला की मागे न बघता घरात जायचे. एकदा तर 'कोण आहे' असं माझ्याच तोंडून गेलं.

संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा. नाना बाकी काही विचारायचे नाहीत.

"उतरलं का?"

"उतरलं, नाना."

"मग ठीक आहे."

त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटच्या फोनला नुसताच श्वास ऐकू येत होता. त्यांना विचारता आलं नाही, तेव्हा मीच सांगितलं, उतरलं, नाना. दुसऱ्याच पहाटे ते गेले. तिकडे पुण्यालाच सगळं झालं. पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला आम्ही जाऊन आलो. नानांचा फोटो कुसुमबाईंच्या शेजारी लावलेला होता. तिथं बसून मी डोळे पुसत होते आणि मनात एकच येत होतं, की आज मडकं कुणी भरलं नाही.

उन्हाळा लागता लागता मिलिंद दोन माणसं घेऊन अंगण उकरायला आला. आता ठरलेलं सगळं संपलं होतं, त्याची काही चूक नव्हती. मडकी एकेक करून निघाली, काही फुटली. पेरूचं खोड तर हातानं ओढलं तसं उपटून आलं, मुळं भुसभुशीत, कधीचीच मेलेली. मग एका माणसानं मोठ्या मडक्याभोवतीची माती काढली आणि टिकाव खाली ठेवला. म्हणाला, साहेब, हे बघा.

मडकं दिसतच नव्हतं. बोटाएवढ्या मुळांपासून केसाएवढ्या मुळांपर्यंत, नुसती पांढरी, ओली, जिवंत मुळं त्याला चहूबाजूंनी कवटाळून बसली होती. आजारी पोर आईला धरून बसतं तशी. पेरूची नव्हेत, पेरू तर पलीकडे पडला होता. मिलिंदनं एक जाड मूळ बोटानं धरून माती सारत माग काढला. ते भिंतीकडे गेलं, भिंतीखाली शिरलं. त्यानं मान वर करून पाहिलं. भिंतीच्या अलीकडे मी उभी होते, आणि माझ्या डोक्यावर लिंबाचं झाड.

मला हसावं की रडावं कळेना, आणि मग रडूच आलं, ढसाढसा, परक्या माणसांसमोर. नानांना हे ठाऊक होतं का? मी खूप विचार केला. कधी वाटतं, होतं, पहिल्या लिंबापासून होतं. कधी वाटतं, त्यांच्या लेखी पाणी कुसुमच पीत होती, आणि लिंबू हे तिचं उत्तर होतं. विचारायला आता माणूस नाही.

मिलिंदनं त्या माणसांना तेवढी जागा सोडायला सांगितली. आता सगळ्या अंगणात राखाडी फरशी आहे आणि भिंतीलगत मातीचा एक चौकोन, त्यात मडकं. घरात भाडेकरू आले आहेत. परवा त्यांच्यातल्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही सकाळी सकाळी आमच्या जमिनीवर काठीनं काय वाजवता? मी म्हटलं, सांगेन कधीतरी.

मिलिंद पावसाळ्याआधी घर बघून जायला आला होता. मी पिशवीभर लिंबं त्याच्या हातात ठेवली. एवढी कशाला, वहिनी, म्हणाला.

"घे," मी म्हटलं. "तुझ्या आईची आहेत."

त्यानं एक लिंबू काढलं, हुंगलं, आणि डोळे मिटून तसाच फाटकात उभा राहिला.